भाईचारा आणि बंधुता : मरूब्र्याच्या लाटांवरील टोळी

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या पूर्व किनाऱ्यावर मरूब्रा नावाचे एक उपनगर आहे. 1990 च्या दशकात तेथील समुद्रात सर्फिंग करणाऱ्या, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होणाऱ्या पोरांची एक टोळी 'ब्रा बॉइज' या नावाने पुढे आली. 'मरूब्रा'तले शेवटचे अक्षर ते 'ब्रा'. पोलिसांच्या आणि वृत्तपत्रांच्या लेखी ही गुंडांची टोळी होती. पोरांच्या स्वतःच्या लेखी ते कुटुंब होते. आपल्या भावाचा राखणदार मीच, अशा अर्थाचे शब्द त्यांनी अंगावर गोंदवून घेतले होते.

1871 च्या कायद्याने ज्या जमातींच्या जन्मावरच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या जमातींच्या देशात राहणाऱ्या वाचकाला 'टोळी' हा शब्द कोण कोणासाठी वापरतो, हे वेगळे सांगावयास नको. पण म्हणून टोळीने स्वतःविषयी सांगितलेले सारेच खरे मानावे, असेही नाही. ज्यांना समाजाने टाकले त्यांनी एकमेकांना धरून राहण्यातून उभा राहतो तो भाईचारा, आणि बाबासाहेबांनी जिला लोकशाहीचा पाया मानले ती बंधुता, या दोन गोष्टी एकच काय? मरूब्र्याच्या उदाहरणावरून हा प्रश्न तपासून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम जागा पाहू. सिडनीचा पूर्व किनारा म्हटले की श्रीमंतांची वस्ती आणि बाँडायची प्रसिद्ध चौपाटी आठवते. मरूब्रा त्याच किनाऱ्यावर, थोडे दक्षिणेला आहे. पण शहराला जे जे डोळ्यांआड हवे होते ते या बाजूला ढकलले गेले. जवळच लाँग बे येथे विसाव्या शतकाच्या आरंभी मोठा तुरुंग उभा राहिला. शेजारच्या मलबार या उपनगराच्या कड्यावरून 1916 पासून शहराचे सांडपाणी समुद्रात सोडले जाऊ लागले. ते खोल समुद्रात नेऊन सोडण्याची सोय 1990 साली झाली. मलबार हे नाव आपल्याकडूनच तिकडे गेलेले आहे. 'मलबार' नावाचे एक जहाज 1931 साली तेथील खडकांवर फुटले आणि त्यावरून उपनगराला ते नाव पडले. मुंबईच्या मलबार हिलवर कोण राहतात हे आपण जाणतो. त्यांच्या मलबारच्या वाट्याला तुरुंग आणि गटार आले.

त्याहून दक्षिणेला ला पेरूज ही आदिवासींची जुनी वसाहत आहे. गोऱ्यांच्या सरकारने तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना राखीव जागेत कोंडले, तरी ते तेथेच टिकून राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारच्या गृहनिर्माण खात्याने मरूब्र्याच्या दक्षिण भागात कामगार व गरीब कुटुंबांसाठी घरे बांधली. अशा रीतीने तुरुंग, मैला, आदिवासी आणि गरीब गोरा कामगार हे सारे शहराच्या एका कडेला येऊन पडले. गावाच्या कोणत्या दिशेला काय ठेवायचे याचा नियम आपल्याला ठाऊक आहे. तिकडे तो शास्त्राने सांगितला नाही, जमिनीच्या भावाने सांगितला.

या वस्तीत जी पोरे वाढली, त्यांच्यात सनी, जय, कोबी आणि डकोटा हे ॲबर्टन बंधू पुढे प्रसिद्ध झाले. घरात हेरॉइनचे व्यसन आणि मारहाण. आसरा होता तो आजीच्या घराचा. ज्या पोराला घरी जाता येत नव्हते त्याला त्या घरात जेवण आणि अंथरूण मिळे. सारी पोरे तिला 'मा' म्हणत. टोळीचे मूळ कोठे आहे असे मला कोणी विचारले, तर मी त्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवीन. बाप गेला, शाळेने हात टेकले, सरकारची ओळख पोलिसाच्या रूपाने झाली. अशा वेळी पोरांना समुद्र मिळाला आणि एकमेकांची सोबत मिळाली.

मात्र समुद्रालाही कायदा असतो, आणि तो समजल्याशिवाय ही टोळी समजणार नाही. किनाऱ्यावर लाटा असंख्य येतात, पण स्वार होण्याजोग्या थोड्याच, आणि त्या फुटतात त्या ठरावीक जागीच. एका लाटेवर एकच स्वार, असा संकेत आहे. फुटणाऱ्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. दुसऱ्याने मध्ये घुसणे हा मोठा अपराध. त्यात फळ्या आदळतात, डोकी फुटतात. हा संकेत कोठेही लिहिलेला नाही आणि समुद्राचा सातबारा कोणाच्या नावे नाही. म्हणून संकेत पाळायला लावण्याचे काम अखेर मुठींकडे येते. त्यातून दुसरा नियम जन्मतो : येथे जो वाढला त्याचा हक्क आधी, बाहेरच्याने मागे थांबावे. जगातील अनेक किनाऱ्यांवर हे चालते. मरूब्र्यात ते विशेष कठोरपणे चालले, कारण तेथील पोरांच्या मालकीचे म्हणता येईल असे दुसरे काहीच नव्हते.

आता या मालकीचा इतिहास पाहा. लाटेवर स्वार होण्याची विद्या मुळात हवाई बेटांवरील सावळ्या लोकांची. ड्यूक काहानामोकू या हवाईच्या जलतरणपटूने 1914-15 च्या उन्हाळ्यात सिडनीजवळ तिचे प्रयोग करून दाखविले, तेव्हा गोऱ्यांनी गर्दी केली. त्याच ऑस्ट्रेलियात 1901 च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना वसाहतीचे दार बंद झालेले होते. विद्या घेतली, विद्या असणाऱ्यांना दूर ठेवले. पुढे ब्रा बॉइजनी बॉटनी उपसागराच्या तोंडाशी, कर्नेल येथील खडकांवर फुटणारी एक भयंकर लाट जिंकली आणि तिला 'आमची' अशा अर्थाचे नाव दिले. याच कर्नेलला 1770 साली कॅप्टन कुक प्रथम उतरला, आणि तेथील दोन आदिवासी पुरुषांनी भाले घेऊन त्याला अडविण्याचा प्रयत्न केला होता. लुटलेल्या किनाऱ्यावर लुटणाऱ्यांचे गरीब वंशज 'हे आमचे' म्हणतात. त्यांचे दारिद्र्य खरे आहे, पण त्या जागेवरचा त्यांचा शब्द पहिला नाही.

टोळीची हिंसा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. डिसेंबर 2002 मध्ये शेजारच्या एका क्लबात, कामावर नसलेल्या पोलिसांच्या मेजवानीच्या वेळी, या पोरांची आणि पोलिसांची मोठी मारामारी झाली. 2003 साली एका स्थानिक गुंडाच्या मृत्यूबद्दल जय ॲबर्टनवर खुनाचा खटला झाला. 2005 साली स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर तो सुटला. त्या प्रकरणात न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल कोबीला शिक्षा झाली, ती स्थगित ठेवण्यात आली. भावाची राखण करणे आणि सत्य दडविणे यांतली रेषा येथे पुसली गेली. भाईचाऱ्याची पहिली मर्यादा ही, की त्यात भाऊ चुकला तर त्याला विचारणारा कोणी उरत नाही.

2007 साली या टोळीवर तिच्याच नावाचा माहितीपट आला. सनी ॲबर्टन हा त्याचा एक दिग्दर्शक, आणि आवाज रसेल क्रो या नटाचा. आपल्या जगण्याची गोष्ट आपण सांगावी, हा हक्क दलित साहित्याने मोठी किंमत देऊन मिळविला आहे. तेव्हा त्या पोरांनी तो वापरला याचे मला कौतुकच वाटते. परंतु 1978 च्या 'बलुतं'मध्ये दया पवारांनी स्वतःलाही उभे-आडवे तपासले. या चित्रपटात टोळी स्वतःची वकील होऊन बसते. आत्मकथन आणि कैफियत यांत फरक केला पाहिजे.

या भाईचाऱ्याची खरी परीक्षा डिसेंबर 2005 मध्ये झाली. क्रोनुला हा सिडनीचा असा किनारा, की जेथे आगगाडीने थेट जाता येते. त्यामुळे पश्चिमेच्या उपनगरांतील लेबनानी वंशाची कामगारांची मुले तेथे येत. जीवरक्षकांशी झालेल्या एका मारामारीचे निमित्त झाले, मोबाइलवरून निरोप फिरले, आणि 11 डिसेंबरला सुमारे पाच हजारांचा जमाव जमला. अरबी चेहऱ्याचा दिसेल त्याला मारणे सुरू झाले. 'आमचा किनारा परत घेऊ' ही भावना, अंगावर राष्ट्रध्वज. त्या रात्री सूडाने निघालेल्या लेबनानी तरुणांनी मरूब्र्यात मोटारी फोडल्या. मरूब्र्याची पोरेही हाती मिळेल ते घेऊन रस्त्यावर उतरली. पण त्यानंतर काही दिवसांतच ब्रा बॉइजच्या म्होरक्यांनी लेबनानी तरुणांच्या प्रतिनिधींची भेट घेतली आणि दोघांनी मिळून शांततेचे आवाहन केले. आमच्यात सर्व वंशांची पोरे आहेत, असे ते सांगत. त्यात प्रसिद्धीचा भाग असेलही. तरीही ज्यांना सरकार गुंड म्हणत होते त्यांनी त्या आठवड्यात केलेले हे काम छोटे म्हणता येणार नाही.

'हा किनारा कोणाचा' हा प्रश्न मुंबईतही डिसेंबरातच विचारला जातो. बाबासाहेबांचा अंत्यविधी 7 डिसेंबर 1956 रोजी दादरच्या चौपाटीवर झाला. दरवर्षी 6 डिसेंबरला लाखो माणसे तेथे येतात, आणि दरवर्षी गर्दीची, घाणीची कुरकुर ऐकू येते. पाण्यावर मालकी सांगणारा माणूस स्वच्छतेची भाषा बोलतो, हे 1927 साली महाडला चवदार तळे 'शुद्ध' करून घेणाऱ्यांनी दाखविलेच होते. ऑस्ट्रेलियातही 1965 साली चार्ल्स पर्किन्स या आदिवासी विद्यार्थ्याने सिडनी विद्यापीठातील तरुणांची बस नेऊन, मोरी गावच्या तलावात आदिवासी मुलांना पोहू देण्यासाठी सत्याग्रह केला. त्या बसमधली एकजूट ज्यांना बाहेर ठेवले होते त्यांना पाण्यात नेण्यासाठी होती. लाटेवरची एकजूट बाहेरच्याला पाण्याबाहेर ठेवण्यासाठी होती. दोन्ही तरुणांच्याच एकजुटी, दोन्ही धाडसाच्या. दिशा मात्र उलट.

आणखी एक गोष्ट राहिली. या भाईचाऱ्यात बहीण कोठे आहे? क्रोनुलाच्या दोन तरुणींनी 1979 साली 'प्युबर्टी ब्लूज' ही कादंबरी लिहिली. मुलांनी लाटेवर जायचे आणि मुलींनी वाळूत बसून त्यांच्या खाण्यापिण्याची सोय पाहायची, अशी तेथील रीत तिने उघडी केली. मरूब्र्याच्या टोळीला आजीने जेवू घातले. पण टोळीचे नाव 'बॉइज'च राहिले.

माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. कॉलेजच्या फीला पैसे कमी पडले तेव्हा आमच्या वस्तीतल्या कट्ट्यावरच्या पोरांनी वर्गणी काढून ते भरले. त्याच पोरांनी त्याच वर्षी, पलीकडच्या वस्तीतला एक मुलगा आमच्या नळावर हंडा घेऊन आला म्हणून त्याचे डोके फोडले. तोही आपल्याच समाजाचा होता. आज मी ज्या मुलांना शिकवतो त्यांच्यातले कित्येक अशाच कट्ट्यांवरून येतात. त्यांच्या मैत्रीला 'गुंडगिरी' म्हणून हिणवणारा शिक्षक त्यांना कायमचा गमावतो, आणि तिचे नुसते गोडवे गाणारा कार्यकर्ता त्यांना निवडणुकीच्या दलालाच्या हाती देतो.

बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्याजोडीला बंधुता ठेवली, आणि ही तत्त्वे आपण बुद्धाकडून घेतली असे 1954 साली सांगितले. बुद्धाची मैत्री आपल्या माणसापाशी थांबत नाही, तिला कुंपण नाही. टोळीचा भाईचारा मात्र कुंपणावरच जगतो. बाहेर शत्रू नसेल तर तो विरतो. आज मरूब्र्यात घरांच्या किमती लाखो डॉलरांच्या घरात गेल्या आहेत. बाहेरच्या सर्फरला मुठीने अडविता आले. जमिनीच्या भावाला अडविता आले नाही, कारण त्यासाठी भाडेकरूंची, कामगारांची, आदिवासींची एकत्र संघटना लागते, आणि ती एका किनाऱ्यापुरत्या भाईचाऱ्यातून उभी राहत नाही.

आपल्या वस्त्यांतील मंडळे, कट्टे, व्यायामशाळा यांत हीच शक्ती साठलेली आहे. ती मोडावी असे मी म्हणणार नाही. नळावर येणाऱ्या दुसऱ्या वस्तीच्या मुलाला जागा करून देण्याइतकी, मुलींना बरोबरीने बसू देण्याइतकी आणि आपल्या भावाला 'तू चुकलास' असे तोंडावर सांगण्याइतकी ती मोठी कशी होईल, याचा कार्यक्रम चळवळीने आखावयास हवा. त्याची सुरुवात अभ्यासवर्गापेक्षा नळापासून केली, तर अधिक बरे.