वाघिणीचा एकटीचा संसार आणि सिंहिणीचं माहेर

नवरात्र आलं की घरातलं एखादं मूल हमखास विचारतं, "आई, देवी वाघावर बसलीय की सिंहावर?" चित्रकारांनीही या बाबतीत गोंधळच घातलेला आहे. एका कॅलेंडरवर पट्टे असतात, तर दुसऱ्यावर आयाळ. आपण "दोन्ही एकच रे" म्हणून वेळ मारून नेतो. तसं ते अगदीच खोटं नाही. कातडं काढून नुसते सांगाडे मांडले, तर वाघ कुठला आणि सिंह कुठला हे जाणकारालाही नीट निरखूनच सांगावं लागतं. पण दोघांच्या घरात डोकावलं, की हे एकाच कुळातले म्हणून कोणी सांगायचं नाही.

आधी मुलांचा दुसरा प्रश्न निकालात काढू. मोठा कोण? आपल्याकडचा पूर्ण वाढीचा वाघ साधारण १८० ते २६० किलो भरतो आणि वाघीण १०० ते १६०. गीरचा सिंह १६० ते १९० किलोच्या आसपास असतो आणि सिंहीण ११० ते १२०. म्हणजे भारतापुरता तरी वाघच वजनदार. आफ्रिकेतले सिंह मात्र गीरच्यापेक्षा थोराड असतात, त्यांची आयाळही दाट. गीरच्या सिंहाचे कान आयाळीतून दिसतात आणि पोटाखाली कातडीची एक लांब घडी लोंबते. "दोघांची कुस्ती लावली तर?" असं मुलं विचारणारच. गीरमध्ये वाघ नाहीत आणि ताडोबात सिंह नाहीत, तेव्हा कुस्ती लागायची नाही, एवढं सांगावं आणि पानं वाढायला घ्यावीत.

आता घरातली गोष्ट. सिंहाचं कुटुंब म्हणजे खरं तर बायकांचं कुटुंब. आई, मुली, मावश्या, भाच्या, सगळ्या एकाच हद्दीत जन्मभर राहतात. मुलगी बहुधा माहेर सोडत नाही, बाहेर पडायचं ते मुलग्यांनी! नर दोघे-तिघे मिळून, बहुतेक वेळा भाऊभाऊच, दुसऱ्या कळपात शिरतात. घरजावईच म्हणा ना. आफ्रिकेत अशा घरजावयांची सद्दी सरासरी दोन-तीन वर्षंच टिकते. मग नवे, दणकट नर येऊन त्यांना हुसकून लावतात. तिथे शिकारीचं बरंचसं काम सिंहिणीच करतात आणि नर आयत्या वेळी येऊन पुढ्यात बसतो. 'सिंहाचा वाटा' म्हणतात तो असा! गीरमध्ये निराळी तऱ्हा आहे. तिथे माद्यांचं बिऱ्हाड वेगळं आणि नरांचं वेगळं. नर येतात ते मिलनापुरते, नाहीतर मोठी शिकार पडली असेल तेव्हा.

कळपातल्या सिंहिणी पुष्कळदा आगेमागेच वितात. मग सगळ्यांची पिल्लं एकत्र वाढतात आणि एकमेकींच्या अंगावर पितातही. आई स्वतःच्या पिल्लाला आधी पाजते हे खरं, पण ती डुलकी घेत असली, की बहिणीचं पिल्लू हळूच येऊन लुचायला लागतं.

वाघिणीला असलं सुख नाही. साधारण साडेतीन महिन्यांनी ती दोन ते चार पिल्लांना जन्म देते. पिल्लांचे डोळे मिटलेले असतात आणि घरात दुसरं कोणी नसतं. कपारीत किंवा दाट झुडपात पिल्लं लपवायची, शिकारीला जायचं, परत येऊन पाजायचं आणि धोका वाटला की एकेकाला तोंडात धरून जागा बदलायची. बहुतेक झडपा फुकट जातात, तरी रोज निघायला हवंच. असं जवळजवळ दोन वर्षं चालतं.

मग वाघीण बहिणींबरोबर का राहत नाही? कारण रान. सिंह मूळचे उघड्या माळाचे. तिथे जनावरांचे मोठे कळप असतात आणि मारलेलं लपवता येत नाही. ते राखायला, हद्द सांभाळायला चार जणी लागतात. वाघ दाट जंगलात दबा धरून बसतो. सांबर-चितळ विखुरलेली असतात, सोबतीण असली तर पाचोळा वाजून सावज पळायचं!

पण दोघींचं एक दुःख सारखंच आहे. नवा नर आला, की तो आधीच्या नराची लहान पिल्लं मारून टाकतो. पिल्लं गेली की मादी लवकर माजावर येते आणि त्याची स्वतःची पिल्लं होतात. ऐकायला नको वाटतं, पण आहे ते असं आहे. म्हणूनच चोरट्या शिकाऱ्याने एक वाघ मारला, तर त्याच्या हद्दीतल्या दोन-तीन वाघिणींची पिल्लंही धोक्यात येतात. सिंहिणी अशा वेळी एकजुटीने नराला अडवायला बघतात. गीरच्या सिंहिणींनी तर आणखी शहाणपणाची वाट काढली आहे. त्या आसपासच्या वेगवेगळ्या नरांशी जुळवून घेतात, मग पिल्लं आपलीच असतील या समजुतीने कोणीच त्यांना हात लावत नाही.

एकत्र कुटुंब बरं की वेगळं बिऱ्हाड, हा वाद आपल्यात कधी संपत नाही. सिंहांकडे पाहून एकत्र कुटुंबाची बाजू घ्यावीशी वाटते, तोच साथीचा रोग आठवतो. १९९४ साली टांझानियातल्या सेरेंगेटीत कुत्र्यांकडून आलेल्या डिस्टेंपरने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. २०१८ साली गीरमध्येही काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह दगावले. एकाच शिकारीवर सगळे जेवणार म्हटल्यावर रोग पसरायला कितीसा वेळ?

वाघ-बाप पिल्लांकडे पाहत नाही असं मात्र सरसकट म्हणू नये. २०११ साली राजस्थानात रणथंभोरला एक वाघीण मेली, तेव्हा तिथल्या नराने दोन पोरक्या पिल्लांना जवळ येऊ दिलं, आपल्या शिकारीवर जेवू दिलं. वनखात्याची माणसंही चकित झाली.

वाघाचा मुलगा वयात आला की त्यालाही घर सोडावं लागतं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये असाच निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळली. शेतं, रस्ते, नाले ओलांडत, मध्येच तेलंगणात डोकावून, सुमारे तेराशे किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला.

मुलगी मात्र वाघिणीचीही आईच्या जवळपासच राहते. आई पुष्कळदा तिला आपल्या हद्दीतला एखादा तुकडा देते. नाही दिला, तर मुलगी घेते. रणथंभोरच्या प्रसिद्ध 'मछली' वाघिणीचं तसंच झालं. २००३ साली तळ्यातल्या मोठ्या मगरीशी झुंजून तिने तिला मारलं होतं. तीच तळ्याकाठची हद्द पुढे तिच्या स्वतःच्या मुलीने हिसकावून घेतली. मछली दात पडलेल्या अवस्थेतही कडेच्या रानात तग धरून राहिली. शेवटी शेवटी तर वनखातंच तिच्या खाण्याची सोय पाहत होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये ती गेली, तेव्हा वीस वर्षांच्या घरात होती. रानातला वाघ सहसा पंधराच्या पुढे जात नाही. हारफुलं घालून तिला रीतसर अग्नी दिला गेला.