घळीत उतरण्यापूर्वी

अमेरिकेच्या युटा व ॲरिझोना या राज्यांतील वाळवंटी प्रदेशात पाण्याने वालुकाश्म कोरून खोल, अरुंद घळी निर्माण केल्या आहेत. तेथे डोक्यावरील निरभ्र आकाशावर विसंबणे घातक ठरते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटिलोप घळीत अकस्मात आलेल्या लोंढ्याने ११ पर्यटकांचा बळी घेतला. पाऊस मात्र कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला कोसळला होता. म्हणून सहलीची आखणी करताना संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा हवामान-अंदाज पाहावा लागतो. तुकडी लहान ठेवणेही तितकेच आवश्यक. दोरावरून एका वेळी एकच जण उतरतो. माणसे वाढली की घळीत अधिक वेळ जातो. शिवाय एकदा दोर खाली ओढून घेतला की मागे फिरण्याची वाट बहुधा उरत नाही. तेव्हा पुढे जावे की परतावे, हे सर्वांनी मिळून काठावरच ठरवावयाचे असते.