टेबलावरचा शक्तिमान

पुण्यात दिवाळी जवळ आली की सोसायट्यांच्या कोपऱ्यात माती, विटा आणि गोणपाट जमा होतात. चार दिवसांत किल्ला उभा राहतो, त्यावर अळीव उगवतात, कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे बुरुजावर चढतात आणि पायथ्याशी हमखास एखादी प्लॅस्टिकची लष्करी जीप येऊन थांबते. शिवकाळात जीप कुठली, असं कोणी विचारत नाही. तो प्रश्न विचारणारा कोणी निघाला, त्याच्या हातात मोजपट्टी आणि फासे आले, की किल्ल्याचा खेळ वॉरगेमिंगच्या छंदाकडे वळतो.

हा छंद तसा जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावरच्या लुटुपुटीच्या लढाईतून अधिकारी शिकत होते. कादंबरीकार एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून हा खेळ घराच्या दिवाणखान्यात आणला. आज तो बहुधा सहा फूट लांब, चार फूट रुंद टेबलावर खेळतात. लोकप्रिय प्रमाणांपैकी एक आहे १:७२. त्याचा हिशेब सोपा: टेबलावरचा एक इंच म्हणजे प्रत्यक्षातले सहा फूट. पावणेसहा फुटी जवान या मापात जेमतेम २४ मिलिमीटरचा होतो.

अडचण येते ती आपली लढाई मांडायची म्हटली की. दुसऱ्या महायुद्धातले जर्मन आणि अमेरिकन रणगाडे हवे तेवढे मिळतात. पण पुणेकराला १९६५ च्या भारत-पाक युद्धातली फिल्लौराची लढाई मांडायची असते. १८१७ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या पूना हॉर्स रेजिमेंटने ती गाजवली. रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पुण्यात शिकलेले; त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचा संच मिळतो. त्या रणगाड्यांमागून धावणारा शक्तिमान ट्रक मात्र स्वतःच घडवावा लागतो.

शक्तिमान हा मूळचा जर्मन. ‘मान’ कंपनीच्या परवान्याखाली जबलपूरला तो १९५० च्या दशकाच्या अखेरीस बनू लागला आणि १९९० च्या दशकापर्यंत बनत राहिला. आखूड, रुंद, गोलसर बॉनेट आणि मागे ताडपत्रीचा हौदा, ही त्याची ओळख. ‘स्टॅलियन’ ट्रक येईपर्यंत लष्कराची रसद प्रामुख्याने त्याच्याच पाठीवर होती.

मॉडेलसाठी पाया म्हणून बॉनेटवाला कुठलाही चारचाकी ट्रक चालतो. महायुद्धातल्या ‘ओपेल ब्लिट्झ’चा १:७२ चा संच त्यातल्या त्यात सोयीचा. गोंद लावण्याआधी सगळे भाग नुसते जुळवून पाहायचे आणि समोर शक्तिमानचे फोटो ठेवायचे. ब्लिट्झचं बॉनेट लांब आणि निमुळतं. ते बारीक करवतीने कापून आखूड करायचं आणि दोन्ही अंगांना एमसील भरायचं. एमसील ओलं असतानाच ओल्या बोटाने गोलाई द्यायची, रात्रभर सुकू द्यायचं, मग कानस आणि शेवटी पॉलिश पेपर. पुढची जाळी प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यांची. पट्टी अर्धा मिलिमीटर जाडीची घेतली तरी खऱ्या मापात ती साडेतीन सेंटिमीटरची होते, म्हणून जितकी पातळ मिळेल तितकी बरी.

नवखा हमखास फसतो तो स्टिअरिंगवर. जर्मन संचात ते डावीकडे असतं. केबिन चिकटवण्याआधी ते उजवीकडे नेलं नाही, तर ट्रक कितीही सुबक झाला तरी भारतीय वाटत नाही. हौद्यावर तांब्याच्या तारेच्या कमानी रोवायच्या, त्यांवर पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर पसरायचा. सुकताना तो कमानींच्या मधे आपसूक खोल बसतो आणि ताडपत्रीच्या सुरकुत्या फुकटात मिळतात. वर ऑलिव्ह ग्रीन मॅट रंग, चाकांना फिकट मातकट हात, आणि नंबर प्लेटवर वर टोक केलेला लष्करी बाण. तार, कानस, करवत रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतात, रंग-ब्रश अप्पा बळवंत चौकात.

कपाटात ठेवायचं मॉडेल आणि खेळायचं मॉडेल यांत फरक आहे. खेळातला ट्रक दर डावात दहा जणांच्या हाताखालून जातो. म्हणून आरसे, हँडल असे नाजूक भाग थोडे जाडच ठेवायचे आणि गाडी आडवी होऊ नये म्हणून तळाला लोखंडी वॉशर चिकटवायचा. ताडपत्री काढता-घालता येईल अशी केली तर हौद्यात काय आहे ते दाखवता येतं.

आणि खेळाची खरी गंमत त्या हौद्यातच आहे. सेंच्युरियनचं इंजिन पेट्रोलवर चालणारं आणि खादाड. हौद्यात २० लिटरच्या जेरीकॅनच्या रांगा मांडल्या आणि ‘ट्रक पोचला नाही तर रणगाडा पुढच्या डावात हलणार नाही’ एवढा एक नियम घातला, की खेळ पालटतो. तोफांच्या गणितात रमलेला खेळाडू रस्ता, आडोसा आणि वेळेचा विचार करू लागतो. ट्रकला चिलखत नाही. एका मशीनगनने तो संपतो. ज्याने त्याला जपलं, तो बहुतेक वेळा जिंकतो. रसदीचं महत्त्व पुस्तकातून कळतं. टेबलावर ते अंगाशी येतं.

खरी लष्करी यंत्रं पाहायची तर घोरपडीजवळचं, नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं युद्धस्मारक शहरातच आहे. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. सुट्टीत मुलांना तिथे न्या आणि लोखंडाची जाडी, चिखलाचे डाग, झिजलेला रंग त्यांना नीट पाहू द्या. आणि छंदाची सुरुवात रणगाड्याने नको, ट्रकनेच करा: स्वस्त पडतो, आणि आतलं काम फसलंच तर वरून ताडपत्री आहेच.