मुलांच्या मनावर संस्कार कसे होतात?

परिपाठात सत्य, श्रम, सहकार्य या मूल्यांचा उच्चार प्रतिदिनी होतो. तरीही मुलांच्या वर्तनात ती क्वचितच उतरतात, अशी तक्रार शिक्षकवर्गाकडून वारंवार ऐकू येते. तेव्हा मूल्ये मुलांच्या अंगी कोणत्या वाटेने बाणतात, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. माझे वडील त्यांतील एक. घरखर्च वाण्याच्या उधारीवर चालला. पुढे वडिलांना तुटपुंज्या वेतनाची दुसरी नोकरी लागली. प्रत्येक पगाराच्या दिवशी ते मला घेऊन दुकानात जात आणि थोडे थोडे रुपये फेडीत. प्रामाणिकपणाविषयी त्यांनी मला कधी उपदेश केला नाही. पण तो धडा मी विसरलो नाही.

१९७० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रायन व वॉलबेक या अमेरिकन संशोधकांच्या प्रयोगातही हेच दिसून आले. वडीलधाऱ्यांच्या उपदेशाचा परिणाम मुलांच्या बोलण्यावर झाला. प्रत्यक्ष देताना मात्र मुलांनी त्यांच्या कृतीचेच अनुकरण केले. अमळनेरला १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेले साने गुरुजी छात्रालयातील मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, त्यामागील मर्म हेच होय.

मला हे उमगले ते स्वतःच्या चुकीतून. परळच्या एका शाळेत नवशिका शिक्षक असताना तपासणीच्या आदल्या दिवशी मी वर्गाला बजावले, “वह्या दर आठवड्याला तपासल्या जातात, असे साहेबांना सांगा.” मुलांनी तसे सांगितले. पुढे गृहपाठाविषयी खोटे बोलणाऱ्या एका मुलाला मी रागावलो. तो हळूच म्हणाला, “सर, साहेबांना सांगितलं ते तरी कुठं खरं होतं?” मी निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी वर्गापुढे चूक कबूल केली आणि वह्या तपासावयास घेतल्या.

आज मी स्वतः तपासणीस जातो, तेव्हा तो प्रश्न माझ्यासोबत असतो. म्हणून शिक्षकबंधुभगिनींना विनंती, की तपासणीसाठी मुलांना उत्तरे पढवू नयेत; उणीव असल्यास ती आपणच सांगावी. वाचनपेटी, पाण्याची व्यवस्था, सहलीचा हिशेब अशी खरी जबाबदारी मुलांवर सोपवावी. फळ्यावरील सुविचार रोज पुसला जातो. गुरुजनांचे वर्तन मात्र मुले आयुष्यभर वाचीत असतात.