विश्लेषण : दिसला तो रानपिंगळा, की साधाच पिंगळा?

मेळघाटात सागाच्या उघड्या फांदीवर भरदिवसा एखादे छोटे घुबड दिसते. फोटो लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि खाली नाव लिहिले जाते : रानपिंगळा. प्रत्यक्षात तो गावाशेजारच्या चिंचेवर राहणारा नेहमीचा पिंगळाही असू शकतो.

नाव चुकले तर काय बिघडते?

रानपिंगळ्याची शास्त्रीय नोंद १८७३ची. खानदेशात १८८४ मध्ये मिळालेल्या नमुन्यानंतर तब्बल ११३ वर्षे तो कोणाला खात्रीने दिसला नाही. १९६८ मध्ये तो सापडल्याचा दावा झाला, पण छायाचित्रातला पक्षी नंतर साधा पिंगळा ठरला. रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तर त्याहून मोठा घोळ घातला. १९१४ मध्ये गुजरातेत हा पक्षी मिळाल्याचे त्याने नोंदवले होते. तो निघाला संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला जुना नमुना! अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली आणि खऱ्या नमुन्यांची ठिकाणे धुंडाळली. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला.

मग ओळखायचे कसे?

आधी डोके पाहा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळपास कोरे असते. ठिपके असले तरी अगदी पुसट. त्याची छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंख आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. डोके व चोच शरीराच्या मानाने मोठी, पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले. याच जंगलात जंगली पिंगळाही असतो, पण त्याच्या डोक्यापासून पाठीपर्यंत बारीक आडव्या रेघा असल्याने तो वेगळा काढणे त्या मानाने सोपे.

‘दिवसा दिसला म्हणजे रानपिंगळाच’ हा समज मात्र सोडलेला बरा. रानपिंगळा दिवसा शिकार करतो हे खरे, पण साधा पिंगळाही दिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला दिसतो. नुसता समोरून काढलेला फोटोही पुरत नाही. माथा आणि पाठ दिसायला हवी.

ठिकाणावरून ठरवता येते का?

पूर्णपणे नाही. मेळघाट, यावल, तोरणमाळ ही रानपिंगळ्याची माहितीतली ठिकाणे. सागाचे कोरडे, विरळ जंगल हेच त्याचे घर, असे मानले जात होते. २०१४ मध्ये तो थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात आढळला.

आययूसीएनच्या लाल यादीत रानपिंगळा ‘धोक्यात’ या गटात आहे. त्यामुळे पाठ दिसावी म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला वळवू नये. खात्री नसेल तर नोंदीत ‘पिंगळा, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे आणि फोटो जोडावा. जात नंतरही ठरवता येते.