बालाजीच्या यात्रेत, पुण्याचा पीसी हातात

आश्विनात बालाजीच्या यात्रेला देऊळगाव राजाला येताय आणि फाइल राहिली पुण्याच्या ऑफिसातल्या पीसीवर? आयटीवाल्यांची परवानगी घ्या आणि निघण्याआधी एवढं करा:

१. विंडोज प्रो असेल तर ‘रिमोट डेस्कटॉप’ सुरू करा. होम आवृत्तीत ही सोय नाही. तिथे क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरा, ते फुकट आहे.
२. स्लीप बंद ठेवा. झोपलेला पीसी हाक ऐकत नाही.
३. लाइट जाऊन आली की पीसी आपोआप चालू व्हावा, अशी सेटिंग बायोसमध्ये करा.
४. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, व्हीपीएनमधूनच जा.
५. गावात नेट रखडलं तर रिझोल्यूशन कमी करा.

कुणी अनोळखी माणूस फोनवर एनीडेस्क या अशाच रिमोट ॲपचा नंबर मागत असेल, तर सरळ फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा.