मिठाचा पुडा आणि रक्तदाब

आदिलाबादकडच्या आपल्या मराठी घरांत ज्वारीच्या भाकरीसोबत ठेचा असतो, आणि शेजारच्या तेलुगू घरातून आलेले आवकायही. शिवाय पापड आहे, ताक आहे. रक्तदाबाचा विषय निघाला की आपण ताटात वरून घेतलेल्या चिमटीला बोल लावतो. खरे मीठ भाजीच्या पातेल्यात आणि लोणच्याच्या बरणीत असते.

मिठातले सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. जास्तीचे सोडियम लघवीवाटे बाहेर टाकणे हे मूत्रपिंडांचे काम. रोजच भार वाढला की ती मागे पडतात, रक्तवाहिन्यांतले द्रव वाढते आणि त्यांच्या भिंतींवर जोर येतो. वर्षानुवर्षे तो सोसून भिंती कडक होतात. सर्वांना हे सारखे होत नाही; उतारवयात आणि मूत्रपिंडे कमजोर असतील तर अधिक. दुखत मात्र काहीच नाही. दाब १४०/९० च्या वर गेल्याचे कित्येकांना लकवा आल्यावरच कळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ खावे. चमचे कोण मोजणार? पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. पाच मोठ्या माणसांच्या घरात किलोचा पुडा निदान ४० दिवस पुरला पाहिजे. लोणच्या-पापडासाठी वेगळे आणलेले मीठही हिशेबात धरा. उन्हात राबणाऱ्याचे मीठ घामावाटे जाते हे खरे, पण दुकानात पंख्याखाली बसणाऱ्याने ती सबब सांगू नये.

सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. त्याने दाब उतरत नाही, उलट साध्या पुड्यातले आयोडीन मात्र हुकू शकते. चीनमधल्या ६०० खेड्यांपैकी निम्म्या खेड्यांत, पूर्वी पक्षाघात झालेल्या किंवा साठी ओलांडलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांना चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड घातलेले मीठ दिले गेले. २०२१ साली निष्कर्ष आला: पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. असे मीठ आपल्याकडेही मिळते. परंतु मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदयाला धोका असतो.

पातेल्यातले मीठ एकदम तोडू नका, थोडे थोडे उतरवा. काही आठवड्यांत जिभेला सवय होते. गोळी मात्र मनाने बंद करू नका.